कॉन्फिगर ‘नाही’ म्हणतं, पण फंक्शन तर आहे! नव्या कंपायलरवर पुन्हा पुन्हा येणारी अडचण

आधी लक्षण सांगतो. तुमच्याकडेही असंच होत असेल तर पुढचं कामाला येईल.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला आमचं छोटं ऑफिस आहे. चादरी-टॉवेलवाल्यांसाठी आम्ही सी भाषेतला एक प्रोग्राम सांभाळतो. डिझायनरने काढलेली नक्षी तो वाचतो आणि इलेक्ट्रॉनिक जेकार्डला (मागावर नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्राला) लागणारी फाइल तयार करतो. सोबत एक चिठ्ठी छापतो. तीवर इंग्रजी अंकांत डिझाइनचा नंबर आणि पुढे मराठीत नाव असतं, आणि ती मालाच्या गठ्ठ्याला लागते. एका कारखान्यात नवा संगणक बसवला, त्यावर डेबियन १३ हे लिनक्स टाकलं, प्रोग्राम नव्याने बिल्ड केला. कॉन्फिगर (संगणकावर कुठल्या सोयी आहेत ते तपासणारी स्क्रिप्ट) चाललं, मेक (प्रत्यक्ष प्रोग्राम बनवणारी कमांड) चाललं, एकही एरर नाही. आठवड्याभराने फोन आला, “साहेब, चिठ्ठीवर नावं तुटून यायलीत बघा. दोन रंगाचा माल एकाच नावाने निघालाय.”

जाऊन बघितलं. नाव होतं ‘412 मोर कमळ मोठी किनार हिरवी जमीन’. चिठ्ठीवर आलं होतं ‘412 मोर कमळ मोठी किनार हिर’ आणि पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. त्याच नंबरचा दुसरा रंग होता ‘हिरवट पिवळी जमीन’. तोही ‘हिर’वरच तुटलेला. दोन्ही चिठ्ठ्या हुबेहूब सारख्या.

आमचे दोन दिवस प्रिंटर आणि फॉन्टच्या मागे गेले. शेवटी हातावर बाइट मोजले. नंबर आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून चार बाइट, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-वेलांटीसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट. नाव बरोब्बर ६३ बाइटांवर तुटत होतं, आणि ६३वा बाइट ‘हिरवी’तल्या ‘व’चा पहिला बाइट होता. म्हणून चौकोन. ६३ अधिक शेवटचा शून्य, म्हणजे ६४ बाइटांचा बफर (मजकुरासाठी राखलेली जागा). आता आमच्या अख्ख्या कोडमध्ये ६४ चा बफर एकाच ठिकाणी होता: एसएनप्रिंटएफ (दिलेल्या मर्यादेत मजकूर बफरात लिहिणारं सीचं फंक्शन) नसलेल्या सिस्टिमसाठी फार पूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं पर्यायी फंक्शन. ते डेबियनवर वापरात येण्याचं काही कारणच नव्हतं.

तरी ते वापरलं जात होतं. पाणी कुठे मुरतंय ते इथे कळलं.

जुन्या संगणकावर डेबियन १२ होतं, त्यावर जीसीसी १२ हा सीचा कंपायलर. नव्यावर जीसीसी १४. सोर्स तोच, आवृत्ती तीच. कॉन्फिगर आपली उत्तरं ज्यात लिहितं त्या दोन्हीकडच्या कॉन्फिग.एच फाइली समोरासमोर ठेवून डिफ घेतला तर एका ओळीचा फरक निघाला. ‘चालणारं एसएनप्रिंटएफ आहे’ असं सांगणारा मॅक्रो जुन्याकडे होता, नव्याकडे ती ओळ कॉमेंटमध्ये गेलेली. कॉन्फिगरने पडद्यावर हे सांगितलंही होतं. शेकडो ओळी सरसर वर जातात, त्यात कुठेतरी ‘नो’ अशी एक ओळ होती. ती कोण वाचतं?

यापुढचा सगळा शोध कॉन्फिग.लॉग या फाइलमध्ये झाला. ही फाइल आपल्यापैकी बरेच जण उघडतच नाहीत, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. कॉन्फिगर स्क्रिप्ट कंपायलरला काही ‘विचारत’ नाही. ती कॉनफटेस्ट.सी नावाची चिमुकली फाइल लिहिते, कंपायलरला देते आणि तो शून्य परत करतो की आणखी काही, तेवढंच बघते. शून्य आला तर ‘आहे’, नाही तर ‘नाही’. कंपायलरने काय एरर दिली हे ती पडद्यावर दाखवत नाही, पण लॉगमध्ये जसंच्या तसं उतरवून ठेवते. तिथे आधी ‘चेकिंग’ची ओळ येते, मग कंपायलर ज्या फ्लॅगांसह (सूचनांसह) चालवला ती पूर्ण कमांड, मग त्याचे संदेश, मग परत आलेला आकडा, आणि ‘फेल्ड प्रोग्राम वॉज’ या ओळीखाली तो अख्खा चाचणी प्रोग्राम, प्रत्येक ओळीआधी एक उभी रेघ मारून.

आमच्या लॉगमध्ये त्या जागी दोन प्रकारच्या एरर होत्या. पहिली, प्रोग्रामच्या मुख्य फंक्शनचा, म्हणजे मेनचा, परतावा प्रकार लिहिलेला नाही, तो इंट (पूर्णांक) धरला जातोय. दुसरी, एसएनप्रिंटएफ, एसटीआरसीएमपी आणि एक्झिट ही फंक्शनं जाहीर न करताच वापरली आहेत. खाली उभ्या रेघांमध्ये चाचणी दिसत होती: वर एकही हेडर (फंक्शनं जाहीर करणारी फाइल) नाही, नुसतंच मेन, आत आठ अक्षरांचा बफर, त्यात चारच्या मर्यादेने ‘एबीसीडीईएफ’ लिहायचं, परत आलेला आकडा सहा आणि बफरात ‘एबीसी’ असेल तर एक्झिट शून्य.

म्हणजे एसएनप्रिंटएफची परीक्षा झालीच नव्हती. प्रश्नपत्रिकाच फाटली होती आणि निकाल मात्र ‘नापास’ लागला होता.

ही चाचणी लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्या काळात ती गरजेची होती. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीच्या २.० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मजकूर मावला नाही की एसएनप्रिंटएफ उणे एक परत द्यायचं. मावण्यासाठी किती जागा लागली असती तो आकडा द्यायचा, हा नियम सी भाषेच्या सी९९ या प्रमाणात आला आणि ग्लिबसी २.१ पासून तसं होऊ लागलं. म्हणून फंक्शन नुसतं आहे एवढ्यावर भागत नव्हतं, ते कसं वागतं हे चालवूनच बघावं लागायचं. आणि प्रकार न लिहिलेलं मेन, जाहीर न केलेलं फंक्शन, हे दोन्ही त्या वेळच्या सीमध्ये चालायचं. सी९९ ने दोन्ही काढून टाकलं. कंपायलर मात्र पुढची वीसेक वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिले, कारण जगातला जुना कोड मोडू नये. वॉर्निंग आली तरी परतावा शून्यच, त्यामुळे कॉन्फिगरला फरक पडत नव्हता. मग मार्च २०२३ मध्ये क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६व्या आवृत्तीने यांतल्या गोष्टी थेट एरर केल्या आणि मे २०२४ मध्ये जीसीसी १४ ने. जीसीसी १४ मध्ये तर पूर्णांक आणि पॉइंटर यांची परस्पर अदलाबदल, न जुळणारे पॉइंटर, हेही एरर झालं. डेबियन १३ ने तोच कंपायलर घेतला, आणि आमच्या कारखानदाराच्या चिठ्ठीवर ‘हिर’ आलं.

मुख्य कोडमध्ये अशी चूक असती तर मेक तिथेच थांबलं असतं आणि आम्ही दहा मिनिटांत दुरुस्त केली असती. चाचणीतली चूक गप्प बसते. तिचं अपयश हेच तिचं उत्तर म्हणून स्वीकारलं जातं. इथे मला जुन्या जेकार्डचे पुठ्ठे आठवतात. पुठ्ठ्यावर एका जागी भोक नाही, याचे दोन अर्थ होतात. नक्षीतच तिथे भोक नको होतं, किंवा भोक पाडताना पंच अडकला. मागाला दोन्ही सारखेच. दोन्ही वेळा त्या जागेचा हूक उचलला जात नाही, मग दुसऱ्या वेळी नक्षी चुकली तरी मागाला कळत नाही. कॉन्फिगरच्या ‘नाही’लाही असेच दोन अर्थ आहेत: ‘ही सोय सिस्टिमवर नाही’ आणि ‘मला विचारताच आलं नाही’. दुसरा अर्थ पहिल्यात मिसळू द्यायचा नाही, सगळी दुरुस्ती एवढ्यासाठीच आहे.

तुमच्या प्रोजेक्टला ही बाधा झालीय का, हे तपासायची सर्वांत झटपट रीत आम्हाला सापडली ती अशी. एकाच संगणकावर दोन रिकाम्या डिरेक्टरी घ्या. पहिलीत नेहमीसारखं कॉन्फिगर चालवा. दुसरीत सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या फ्लॅगांच्या यादीत) ‘डॅश एफ परमिसिव्ह’ जोडून चालवा. जीसीसी १४ मध्ये या फ्लॅगमुळे नव्या एरर पुन्हा वॉर्निंग होतात. मग दोन्ही कॉन्फिग.एचचा डिफ घ्या. जी ओळ फक्त दुसऱ्या डिरेक्टरीत ‘आहे’ झाली, तिची चाचणी जुन्या सीवर उभी आहे. सीफ्लॅग्ज बदलताना मूळचे ऑप्टिमायझेशनचे फ्लॅगही सोबत लिहा, नाहीतर भलतेच फरक दिसतील. आणि हा फ्लॅग कायमचा लावून मोकळं होऊ नका. आम्हालाही तसा मोह झाला होता. पण मग खऱ्या कोडमधल्या पॉइंटरच्या चुकाही पुन्हा वॉर्निंगच्या गर्दीत जातात, आणि त्या चुका ६४ बिटांच्या मशिनवर जीवघेण्या असतात.

आता दुरुस्ती. सोर्ससोबत आलेली कॉन्फिगर स्क्रिप्टच जुन्या ऑटोकॉन्फने (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनाने) बनवलेली असेल, तर आधी ‘ऑटोरीकॉन्फ’ सक्तीच्या फ्लॅगसह चालवून ती नव्याने बनवा. ऑटोकॉन्फच्या स्वतःच्या चाचण्या त्याने सुधारतात. २.६९ ही आवृत्ती २०१२ ची, त्यानंतरची २.७० थेट २०२० च्या डिसेंबरात आली. मधल्या आठ वर्षांत बनलेल्या कित्येक सोर्स पॅकेजांत अजून तीच जुनी स्क्रिप्ट फिरते आहे. पण ज्या फाइलवरून ही स्क्रिप्ट बनते त्या कॉन्फिगर.एसीमध्ये कुणी हाताने लिहिलेला चाचणी प्रोग्राम असेल, तर ऑटोरीकॉन्फ त्याच्या पोटात हात घालत नाही. तो आपणच उघडायचा. लागणारी हेडरं वर घ्यायची, मेन स्वतः न लिहिता ‘एसी_लँग_प्रोग्राम’ला लिहू द्यायचं, एक्झिटऐवजी रिटर्न वापरायचं.

त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे जोडीची चाचणी. आम्ही आता प्रत्येक हाताने लिहिलेल्या चाचणीआधी तीच हेडरं, तेच फ्लॅग आणि तोच साचा असलेला, पण संशयित फंक्शन न वापरणारा रिकामा प्रोग्राम कंपाइल करून बघतो. तोच पडला तर कॉन्फिगरने ‘नाही’ म्हणून पुढे जायचं नाही, एरर देऊन तिथेच थांबायचं. एवढ्याने दोन्ही ‘नाही’ वेगळे होतात. त्या दिवशी हे असतं तर कारखान्याच्या आवारातच कळलं असतं.

असं खोटं ‘नाही’ यायची दुसरी वाट म्हणजे वॉर्निंगला एरर करणारा डब्ल्यू-एरर फ्लॅग. आमच्या एका शिस्तप्रिय सहकाऱ्याने तो कॉन्फिगर चालवतानाच सीफ्लॅग्जमध्ये दिला, आणि कॉन्फिगर म्हणालं की मेमसीपीवाय, म्हणजे मेमरीतले बाइट कॉपी करणारं अगदी मूलभूत फंक्शन, नाही! मेमसीपीवाय नसलेलं लिनक्स कुठून आणायचं? कारण लॉगमध्ये होतं. फंक्शन तपासताना ऑटोकॉन्फ त्याचं खरं हेडर घेत नाही. कॅर (एक अक्षर) परत देणारं म्हणून त्याची एक लुटुपुटुची घोषणा लिहून फक्त लिंक होतं का ते बघतं. जीसीसीला मेमसीपीवाय आतूनच ठाऊक असतं, म्हणून तो ‘प्रकार जुळत नाही’ अशी वॉर्निंग देतो. एरवी निरुपद्रवी, डब्ल्यू-एररसोबत जीवघेणी. हा फ्लॅग हवाच असेल तर सगळ्या चाचण्या संपल्यावर जोडा, किंवा मेकच्या वेळी द्या.

खोटं ‘आहे’ हेही तितकंच वाईट, फक्त उशिरा चावतं. गणिताची लायब्ररी वेगळी जोडावी लागते का हे बघायला आमच्याकडे चाचणी होती: चारचं वर्गमूळ काढ आणि लिंक हो. झाली. लायब्ररी न जोडताच झाली. कारण चार हा स्थिरांक कंपायलरलाही दिसतो, त्याने उत्तर दोन असं कंपाइल करतानाच बसवून टाकलं आणि वर्गमूळाच्या फंक्शनला कुणी हाकच मारली नाही. पुढे खरा प्रोग्राम लिंक होताना कोलमडला. तोच आकडा व्होलाटाइल व्हेरिएबलमधून दिला की कंपायलरला अंदाज बांधता येत नाही आणि चाचणी खरं बोलते.

वॉर्निंगचे फ्लॅग तपासतानाही असंच फसायला होतं. अनोळखी वॉर्निंग चालू करायला सांगितली तर जीसीसी एरर देतो. तीच ‘नो’ लावून बंद करायला सांगितली तर गप्प बसतो, आणि पुढे दुसरी काही वॉर्निंग निघाली तरच तक्रार करतो. म्हणून ‘नो’वाला फ्लॅग तपासायचा असेल तर ‘नो’ काढून मूळ वॉर्निंग तपासायची आणि ती ओळखली तर ‘नो’वाला वापरायचा. क्लँगची तऱ्हा वेगळी. अनोळखी वॉर्निंगवर तो नुसती सूचना देऊन शून्य परत करतो, म्हणजे कॉन्फिगरच्या लेखी सगळंच ‘आहे’. तिथे अनोळखी वॉर्निंगला एरर करणारा फ्लॅग चाचणीपुरता सोबत द्यावा लागतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग कंपायलरचं नाव आणि आवृत्तीच बघून ठरवू, कटकट नको. तो रस्ता आम्ही सोडला. जीसीसी असल्याची खूण मानला जाणारा अधोरेखांचा मॅक्रो क्लँगही लावतो, आणि आपली आवृत्ती ४.२.१ असल्याचं सांगतो, आज तो क्लँग कितीही नवा असो. मॅकवर जीसीसी अशी कमांड दिली तरी चालतो तो क्लँगच. नाव विचारून स्वभाव कळत नाही, काम देऊन कळतो. अ‍ॅट्रिब्यूट किंवा बिल्टइन आहे का एवढाच प्रश्न असेल तर ‘हॅज अ‍ॅट्रिब्यूट’ आणि ‘हॅज बिल्टइन’ हे मॅक्रो सोर्समध्येच विचारता येतात. पहिला जीसीसी ५ पासून आहे, दुसरा जीसीसी १० पासून, क्लँगमध्ये दोन्ही आहेत. तेवढ्यासाठी कॉन्फिगरमध्ये चाचणी वाढवू नका.

एआरएम बोर्डासाठी (वेगळ्या जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डासाठी) इथल्या संगणकावर बिल्ड करताना मात्र वेगळाच पेच येतो. मागाच्या कंट्रोलरवर असा बोर्ड असतो. आपला संगणक तो प्रोग्राम बनवू शकतो, चालवू शकत नाही. चालवून बघायच्या चाचणीला ‘एसी_रन_इफएल्स’मध्ये चौथं कलम असतं: चालवता आलं नाही तर काय धरायचं. ते लिहिलं नसेल तर कॉन्फिगर थांबतं, आणि माझ्या मते थांबलेलंच बरं. चिंता असते ती कुणीतरी घाईने तिथे ‘नाही’ लिहून ठेवलेली. आम्ही आता तिथे अंदाज लिहीत नाही. बोर्डावर एकदा खात्री करून घेतो आणि ‘एसी_सीव्ही’ने सुरू होणाऱ्या कॅश व्हेरिएबलमधून खरं उत्तर कॉन्फिगरला देतो. आणि जिथे जमतं तिथे न चालवता उत्तर काढायचं. लाँगचा आकार किती हे ऑटोकॉन्फ असंच काढतं. अट खोटी ठरली तर अ‍ॅरेची लांबी उणे एक होईल असा प्रोग्राम तो लिहितो. उणे लांबीचा अ‍ॅरे कुठलाच कंपायलर घेत नाही, म्हणून प्रोग्राम चालवायची गरजच उरत नाही. ‘मोठं का, लहान का’ विचारत विचारत तो आकड्यापर्यंत पोहोचतो. इतकी सुंदर युक्ती मी या क्षेत्रात फार कमी बघितली आहे.

पुढची लाट सुरूही झाली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेला जीसीसी १५ काहीच न सांगता सी२३ धरतो. त्यात रिकाम्या कंसांचा अर्थ ‘काहीच घेत नाही’ असा पक्का झाला आणि बूल, ट्रू, फॉल्स हे राखीव शब्द झाले. ज्या चाचण्यांत कुणी स्वतःचा बूल प्रकार बनवला आहे, किंवा रिकाम्या कंसाचं फंक्शन जाहीर करून त्याला पुढे अर्ग्युमेंट दिलं आहे, त्या गुपचूप ‘नाही’ म्हणतील. वर सांगितलेली दोन डिरेक्टरींची रीत इथेही चालते. फक्त दुसरीकडे परमिसिव्हऐवजी सी१७ चं प्रमाण मागायचं.

कारखान्यातलं प्रकरण शेवटी मिटवलं ते वेगळ्याच तऱ्हेने. आधी चाचणी दुरुस्त केली, ‘आहे’ आलं, नावं पूर्ण छापली गेली. मग विचार केला, आम्ही ज्या ज्या मशिनवर हा प्रोग्राम देतो त्यांतल्या कुठल्या मशिनवर एसएनप्रिंटएफ नीट चालत नाही? एकही नाही. मग ती चाचणी आणि ते ६४ बाइटांचं पर्यायी फंक्शन, दोन्ही काढून टाकलं. आता प्रत्येक प्रकारच्या सिस्टिमसाठी अपेक्षित कॉन्फिग.एचची एक प्रत आम्ही सोर्ससोबतच ठेवतो. नवं मशिन बसवलं की मेकच्या आधी तिच्याशी डिफ घेतो. फरकाची एक जरी ओळ आली तरी कॉन्फिग.लॉग उघडून त्या चाचणीचा अपयशी प्रोग्राम वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ऑफिसात ठरलं आहे. परवा तिथून नवीन चिठ्ठीचा फोटो आला. ‘हिरवी जमीन’ पूर्ण होतं.